फ्रिजच्या खोक्यातली सीताबर्डी

२६ आणि २७ नोव्हेंबर १८१७. नागपुरात सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर भोसल्यांची फौज आणि ईस्ट इंडिया कंपनीची पलटण भिडली, ती लढाई आम्हा मित्रांना टेबलावर खेळायची होती. १/७२ मापाचे, म्हणजे खऱ्या माणसाच्या बहात्तराव्या हिश्शाएवढे, प्लास्टिकचे शिपाई जमले होते, टेकड्यांचं काय? ऑनलाइन तयार टेकड्यांचे भाव पाहिले आणि मुकाट्याने मोबाइल खाली ठेवला.

आधी मापाचा घोळ. शिपायांच्याच मापाने जमीन करायची म्हटली तर तीनशे मीटरला चार मीटरहून लांब टेबल लागतं. आमचं आहे सहा बाय चार फुटांचं. म्हणून जमीन आखडली. एक टेकडी थोरली, एक धाकटी आणि मधली खिंड मात्र राखली, कारण सारा खेळ तिथेच आहे. २७ तारखेला भोसल्यांच्या अरब शिपायांनी धाकटी घेतली, तेव्हा थोरलीवरच्या कंपनीवाल्यांचे धाबे दणाणले होते.

शेजाऱ्यांच्या नव्या फ्रिजचं थर्माकोल मिळालं. नुसता उतार दिसतो छान, पण त्यावर शिपाई घसरतात. म्हणून पायऱ्या केल्या, प्रत्येक पायरी शिपायाच्या बैठकीपेक्षा बोटभर रुंद, आणि कडा ब्लेडने वेड्यावाकड्या कुरतडल्या. ब्लेडला मेणबत्ती घासली की थर्माकोलचे दाणे कमी उडतात. चिकटवायला पांढराच फेव्हिकॉल. रबर सोल्यूशन किंवा स्प्रे पेंट थेट मारला तर थर्माकोल विरघळतं. वरून फेव्हिकॉलच्या पाण्यात भिजवलेले टिश्यू पेपर आणि मग फेव्हिकॉल घातलेली वॉल पुट्टी. पुट्टी जाड थापू नये, तडे जातात. दोन पातळ हात द्यावेत. नागपूरच्या उन्हात वाळायला वेळ लागत नाही, पण सावलीतच वाळवावी.

गवतासाठी लकडगंजला गेलो. आरा मशीनवाले काका म्हणाले, "भाऊ, भुसा कायले पाह्यजे?"

"टेकडीले गवत लावाचं आहे, काका."

त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि पिशवी भरून दिली. पैसे घेतले नाहीत, कीव आली असावी. भुसा चाळून पोस्टर कलरच्या पातळ पाण्यात कालवला, निम्मा मळकट हिरवा, निम्मा वाळल्या गवताचा. नोव्हेंबरातली टेकडी हिरवीगार कशी असेल? मातीसाठी चहाचा चोथा चांगला, पण कडकडीत वाळवलेला, नाहीतर बुरशी धरतो.

खडकाला आधी जवळजवळ काळा हात, कारण आपला दगड बेसाल्ट. मग ब्रश कापडावर पुसून करड्या रंगाने नुसत्या कडा खरवडल्यासारख्या घासल्या. या एका गोष्टीने थर्माकोलचा दगड झाला. बाकी सगळं त्यामानाने हमालीच.

धाकटीच्या पायथ्याशी घरं हवीत, अरबांना आडोसा तिथेच मिळाला. ती खाकी खोक्याच्या पुठ्ठ्याची केली आणि छपराला कूलरच्या जुन्या ताटीतलं गवत कातरून चिकटवलं. उन्हाळ्याअखेर प्रत्येक घरातून ती ताटी कचऱ्यात जाते, आपण फक्त मागायची. छपरं सुटी ठेवली, आत शिपाई ठेवता येतात.

सारा खर्च पाचशेच्या आत. आता अडचण एकच, थोरली टेकडी दिवाणाखाली मावत नाही आणि आई माळ्यावर जागा द्यायला तयार नाही.