सहा मैल लांब, सहा मैल रुंद

अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या मध्यभागी स्टोरी नावाची काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग, आहे. तिची लांबी आणि रुंदी प्रत्येकी सुमारे चोवीस मैल असल्यामुळे तिचे सहा-सहा मैलांचे सोळा चौकोन पडतात आणि त्या प्रत्येक चौकोनाला टाउनशिप म्हणतात. एकीचे नाव पॅलेस्टाईन, एकीचे न्यू अल्बनी. बाकीच्या बऱ्याचशा वॉशिंग्टन, लिंकन, ग्रँट, युनियन अशा देशभक्तीच्या ठरावीक साच्यातल्या. याच काउंटीतल्या एम्स शहरातल्या विद्यापीठात शिकायला येणाऱ्या मराठी मुलांना शहराबाहेरच्या या चौकोनांत शिरायचे काही कारण पडत नाही. मला मात्र सुट्टीच्या दिवशी तिथल्या खडीच्या रस्त्यांवरून उगाचच गाडी फिरवण्याची खोड आहे.

हे रस्ते बहुतेक ठिकाणी दर मैलाला एकमेकांना काटकोनात छेदतात, कारण 1785 च्या कायद्याने आधी जमीन कागदावर आखली गेली आणि वसाहत करणारे मागाहून आले. मूळ रहिवाशांना मात्र त्या आधीच हुसकावले गेले होते. सहा मैलांच्या चौकोनात 36 सेक्शन, प्रत्येक सेक्शन 640 एकरांचा, आणि त्यांपैकी सोळाव्याचे उत्पन्न शाळेसाठी राखीव असे. आकडे ईशान्येच्या कोपऱ्यातून निघून पश्चिमेकडे जातात आणि नांगराचे बैल तासाच्या टोकाला वळावेत तसे खालच्या ओळीत उलटे फिरतात. मोजणीची गंटर साखळी 66 फुटांची होती. आपल्या गुंठ्याची बाजू 33 फुटांची, म्हणजे बरोबर अर्धी साखळी, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर इथल्या एकराएवढाच. सातबारा वाचता येणाऱ्याला इथला जमिनीचा नकाशा फारसा परका वाटू नये. पृथ्वी गोल असल्यामुळे उत्तरेकडे जाताना हे चौकोन बसेनासे होतात. म्हणून ठरावीक अंतरावर मोजणी नव्याने धरलेली असते, आणि सरळ चाललेला रस्ता अशा ठिकाणी अचानक थोडा बाजूला सरकून पुन्हा सरळ होतो.

पाण्याला या चौकोनांशी काही देणेघेणे नाही. हा मुलूख हिमनदीने सपाट करून सोडलेला. पूर्वी इथे गवताळ दलदल आणि उथळ तळी होती. शेतकऱ्यांनी जमिनीखाली भाजक्या मातीच्या नळ्या पुरून ते पाणी चरांत काढून दिले, तेव्हा कुठे मका उभा राहिला. आता प्लॅस्टिकच्या नळ्या आल्या आहेत. तरीही जूनमध्ये सलग पाऊस झाला की शेताच्या मधोमध जुन्या तळ्याचा वेडावाकडा आकार उमटतो. तेवढ्याच जागेतला मका पिवळा, खुजा राहतो आणि त्याच्या ओळींमध्ये बदके पोहत असतात.

लोकसंख्येची गोष्ट थोडक्यात सांगता येते. 1900 साली आयोवात सुमारे 2 लाख 28 हजार शेतीघरे होती. 2022 च्या शेतीगणनेत ती जेमतेम 87 हजार उरली आणि सरासरी शेत 151 एकरांवरून 345 एकरांवर गेले. पीक कमी झाले नाही, माणसे कमी लागू लागली. ज्या काउंटीत विद्यापीठ किंवा मोठे शहर नाही, तिथे हे अधिक जाणवते. शेताच्या मधोमध चार म्हातारी झाडे आणि एक पवनचक्कीचा सांगाडा दिसला, की तिथे कधीकाळी घर होते असे समजावे.

एवढ्या थोड्या वस्तीलाही कारभार आहेच. प्रत्येक टाउनशिपला तीन विश्वस्त असतात, सहसा निवडून आलेले, आणि जोडीला एक कारकून. अग्निशमनाची सोय करणे आणि जुन्या दफनभूमीची निगा राखणे ही त्यांची कामे. पण मला सर्वांत आवडते ते काम कुंपणाच्या तंट्याचे. शेजाऱ्यांचे पटेनासे झाले, तर हे तिघे बांधावर जाऊन निवाडा देतात. रूढ पद्धत अशी की दोघांनी सामाईक कुंपणाच्या मध्यावर समोरासमोर उभे राहायचे आणि ज्याच्या उजव्या हाताला जो अर्धा भाग येईल तो त्याने दुरुस्त ठेवायचा. बांधाच्या वीतभर जागेवरून तीन पिढ्या कोर्टात घालवणाऱ्या आपल्या भाऊबंदांना हा तोडगा पटेल असे मला वाटत नाही. इथेही त्याची गरज आता कमीच पडते, कारण गुरे गेली, दोन्ही बाजूंना मका आला, आणि आणखी दोन तासे पेरता यावीत म्हणून पुष्कळांनी कुंपणच उपटून टाकले आहे.