बेसचा प्रीअँप: रोजनिशीतली पानं

मंगळवार

बेस गिटारच्या प्रीअँप पेडलचा (अँपच्या आधी आवाज घडवणाऱ्या, पायाशी ठेवायच्या डबीचा) विषय निघाला की बोलणं लगेच ड्राइव्हवर (मुद्दाम फाटवलेल्या आवाजावर) घसरतं. सॅन्सअँप घ्यावा की डार्कग्लास, कोण जास्त गुरगुरतो, वगैरे. खरं तर आधी ठरवायला हवं ते वेगळंच: पेडलमधून निघालेला आवाज लोकांपर्यंत कशातून पोचणार? पुण्यात बालगंधर्वला किंवा कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात वाद्यवृंदाचा कार्यक्रम असो, नाहीतर गणपतीतला मांडव असो, बेसिस्टच्या मागे अँप क्वचितच दिसतो. वायर सरळ साउंडवाल्याच्या स्टेजबॉक्सला (वायरी गोळा करणाऱ्या पेटीला) जाते. पबमध्ये अँप मिळालाच तरी तो वाजवणाऱ्याला ऐकू यावं म्हणून; टेबलावरच्या माणसाला फक्त पीए, म्हणजे हॉलचे मोठे स्पीकर, ऐकू येतो. म्हणजे पेडलच्या एक्सएलआर (तीन पिनांच्या) आउटमधून जे बाहेर पडेल तोच आपला आवाज. या आउटचा विचार न करता घेतलेला प्रीअँप घरी छान वाजतो आणि हॉलमध्ये गायब होतो.

म्हणून पेडलची पुढची बाजू बघण्याआधी मागची बघावी. बॅलन्स्ड (लांब वायरीतही खरखर न पकडणारा) एक्सएलआर आहे का, ग्राउंड लिफ्ट (गुणगुण घालवायला ग्राउंडची जोडणी तोडणारं बटण) आहे का, आणि डीआयचा (थेट मिक्सरला जाणारा) सिग्नल ईक्यूच्या (लो, मिड, ट्रेबलच्या नॉबांच्या) आधी घ्यायचा की नंतर, हे निवडता येतं का? एमएक्सआर एम८१ या पेडलवर यासाठी बटण आहे. साउंडवाला ‘ड्राय द्या’ म्हणाला तर आधीचा द्यायचा. अँप नसेल तर नंतरचाच, नाहीतर सगळे नॉब फक्त शोभेला.

बुधवार

इनपुटबद्दल थोडक्यात. पॅसिव्ह (आत बॅटरी नसलेला) बेस सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटला लावला की आवाज मळकट येतो. त्या इनपुटचा इम्पीडन्स (विद्युत अडथळा) साधारण १० किलोओम असतो आणि पॅसिव्ह पिकअपला (तारांची थरथर टिपणाऱ्या भागाला) तो ओझं होतो. वरच्या फ्रिक्वेन्सी तिथेच मरतात. पॅसिव्ह बेस असेल तर प्रीअँपचा इनपुट १ मेगाओमच्या आसपास हवा. केबलही काही मोफत काम करत नाही. मीटरला साधारण १०० पिकोफॅराड धरले तर दहा मीटरची वायर ट्रेबलचा बराच भाग खाते, त्यामुळे बेसपासून पेडलपर्यंतची वायर आखूड ठेवावी. लांबी हवी असेल तर ती पेडलच्या पुढे, एक्सएलआरमध्ये.

अ‍ॅक्टिव्ह बेसला ही अडचण नसते, त्याची अडचण उलट आहे. बेसमध्येच ९ व्होल्टच्या बॅटरीवर प्रीअँप आहे, त्यावर लोचा (खालच्या सुरांचा) नॉब पूर्ण उघडला, पुढे पेडलवरही लो वाढवला, की इनपुटच क्लिप होतो, म्हणजे सिग्नल मावेनासा होऊन आवाज फाटतो. मग पेडलला दोष दिला जातो. पेडलवर पॅड (सिग्नल कमी करणारं बटण) असेल तर तो चालू करावा. नसेल तर बेसवरचे नॉब मध्यावर आणून आवाजाला सगळा आकार पेडलवर द्यावा. दोन ईक्यू एकाच वेळी फिरवत बसण्यात काही अर्थ नाही.

गुरुवार, उशिरा

आता खरा विषय, मिड्स, म्हणजे मधल्या फ्रिक्वेन्सी.

चार तारी बेसची मोकळी ई तार ४१ हर्ट्झला वाजते, पाच तारीची बी तार ३१ ला. पण आपण ‘ई’ ओळखतो ती ४१ मुळे कमी आणि तिच्या वरच्या ८२, १२३, १६४ या हार्मोनिक्समुळे (पटीतल्या सुरांमुळे) जास्त. मोबाइलच्या स्पीकरमधून ४१ येतच नाही, तरी बेसलाइन कळते ती यामुळेच. आता आपल्याकडचा बँड बघा. किक ड्रम किंवा ऑक्टापॅड, ढोलकीची धूम, कीबोर्डचा डावा हात हे सगळे १०० हर्ट्झच्या आगेमागे गर्दी करून बसलेले. त्यात बेसिस्टने आणखी लो वाढवला तर फक्त हॉल घुमतो आणि साउंडवाला फेडर खाली घेतो. जागा रिकामी असते ती ४०० ते ८०० मध्ये.

म्हणून माझ्या लेखी पेडलची पहिली कसोटी: मिडचा नॉब आहे का, आणि त्याची फ्रिक्वेन्सी बदलता येते का? एम८१ मध्ये ती २५० हर्ट्झ ते १ किलोहर्ट्झ फिरते, अ‍ॅग्विलार टोन हॅमरमध्ये १८० हर्ट्झ ते १ किलोहर्ट्झ. डार्कग्लास बी७के अल्ट्रात लो-मिड आणि हाय-मिड वेगळे, दोघांना तीन-तीन जागांचे स्विच. टेक २१ चा मूळ सॅन्सअँप बेस ड्रायव्हर या बाबतीत जरा लबाड: त्याच्या आवाजात मिड्स आधीच खोलगट केलेले, आणि ते भरून काढायला नॉब नाही. एकट्याने वाजवला की राजेशाही वाटतो, बँड सुरू झाला की बुडतो. दुसऱ्या आवृत्तीत मिडचा नॉब आला, शिवाय ५०० की १००० हे निवडायचं बटण. जुना सेकंडहँड मिळत असेल तर हा फरक लक्षात ठेवूनच भाव करावा. बेहरिंगरचा बीडीआय२१ याच जुन्या घडणीवर बेतलेला आहे, प्लास्टिकच्या डब्यात. पैसे कमी लागतात, पण मिडची तक्रार तीच.

कान लावायचा कसा? मिडचा लेव्हल पूर्ण वाढवायचा आणि फ्रिक्वेन्सीचा नॉब सावकाश फिरवायचा. २५० च्या आसपास आवाज कोंदट होतो, ५०० ला लाकूड ऐकू येतं, ८०० ला गुरगुर, १ किलोहर्ट्झला बोटाचा ठोका आणि नाकातला सूर. आवडती जागा सापडली की लेव्हल अर्ध्यावर आणायचा. बरेच जण उलट करतात, थोडा वाढवून शोधतात आणि काहीच सापडत नाही.

शुक्रवार

ड्राइव्ह हवाच असेल तर ब्लेंडचा (ड्राइव्ह आणि मूळ क्लीन आवाज मिसळायचा) नॉब हवाच. विकृत केलेला सिग्नल खालचा सूर पातळ करतो. क्लीन मिसळला की तळ शाबूत राहतो. दुसरी गोष्ट, ड्राइव्ह थेट पीएला दिला तर वर ५ किलोहर्ट्झच्या पुढे माश्या घोंघावल्यासारखा आवाज येतो, कारण तो गाळून घेणारा बेसचा स्पीकर मध्ये नसतो. सॅन्सअँपमध्ये स्पीकरची नक्कल अंगचीच आहे, त्याचं अर्धं यश त्यातच. एम८१ मध्ये नाही, पण त्यात ड्राइव्हही नाही, तो स्वच्छ प्रीअँप आहे. बाकी पेडल्सच्या बाबतीत माहितीपत्रकात कॅब सिम (स्पीकरची नक्कल) हा शब्द शोधावा.

पेडलच्या साखळीचा क्रम: ट्यूनर, कॉम्प्रेसर (आवाजाचा जोर सारखा करणारा), ऑक्टेव्हर (सप्तकभर खालचा सूर जोडणारा), शेवटी प्रीअँप. कोरस (आवाज दुहेरी भासवणारं पेडल) प्रीअँपनंतर लावला तर तो डीआयमध्ये जाणारच नाही.

शनिवार

दुकानात तपासायची रीत लिहून ठेवतो, कारण विचारणारे सगळे हेच विचारतात.

स्वतःचा बेस न्यायचा. दुकानातल्या अँपवर ऐकायचं नाही; छोटा मिक्सर आणि एखादा पॉवर्ड स्पीकर मागायचा, पेडल एक्सएलआरने जोडायचं. सगळे ईक्यू नॉब मधोमध. मग पाय मारून बायपास (पेडल बंद) आणि चालू यांची पातळी कानाने सारखी करायची. ही पायरी कुणी करत नाही, आणि इथेच फसगत होते: जरासा मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो. पातळी सारखी झाल्यावर मोकळी ई, मग जी तारेवर बारावा पडदा. दोन्ही स्वर सारख्या वजनाने यायला हवेत. मोबाइलवर ओळखीचं गाणं लावून त्याच्याबरोबर वाजवायचं, एकट्याने नाही. ट्रेबल पूर्ण उघडून, तारांवर हात ठेवून, सुस्कारा किती येतो ते ऐकायचं. शेवटी पेडल बायपास करून एक्सएलआरमधून आवाज येतोच ना, हेही बघायचं.

मिक्सरचा लाल दिवा लागला तर घाबरू नये. प्रीअँपचा डीआय कधी कधी माइकच्या मानाने फार जोरात असतो. मिक्सरचा पॅड दाबला की काम होतं.

रविवार

पॉवर आणि हम, म्हणजे स्पीकरमधली गुणगुण. पेडलला सहसा ९ व्होल्ट डीसी लागतं, मधली पिन निगेटिव्ह, ५.५ बाय २.१ मिलिमीटरची. पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणारे साधे अ‍ॅडाप्टर, राउटरचे तर हमखास, मधली पिन पॉझिटिव्ह असलेले. पिन बरोब्बर बसते, म्हणूनच घोटाळा होतो. लावण्याआधी मल्टीमीटर: लाल टोक पिनच्या आत, काळं बाहेर; आकडा उणे आला तर मधली पिन निगेटिव्ह, म्हणजे आपल्या कामाचा. अ‍ॅडाप्टरवरचा मिलिअँपचा आकडा पेडलच्या गरजेपेक्षा जास्त असला तरी चालतो, कमी चालत नाही. एकाच अ‍ॅडाप्टरवर फाटे काढून डिजिटल पेडल आणि प्रीअँप दोन्ही चालवले की बारीक शिट्टी ऐकू येते; डिजिटलला वेगळी लाइन द्यावी. १८ व्होल्ट दिले तर स्लॅपचा (अंगठ्याने तार आपटून वाजवण्याचा) झटका चपटा होत नाही हे खरं, पण माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं असेल तरच. टोन हॅमर मुळातच दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालतो, तिथे प्रश्न नाही.

सॅन्सअँप ४८ व्होल्टच्या फँटमवरही (मिक्सर एक्सएलआर वायरीतूनच पाठवतो त्या विजेवरही) चालतो. मात्र फँटमचा परतीचा रस्ता एक्सएलआरच्या पिन १ मधून आहे आणि ग्राउंड लिफ्ट नेमकी तीच तोडते. म्हणून त्यावर फँटम आणि ग्राउंड यांचं बटण एकच आहे. हम घालवायला ते दाबलं आणि पेडलच विझलं, तर बिघाड शोधत बसू नये, बॅटरी घालावी.

हम कुठला हे आधी ओळखावं. तारांना हात लावल्यावर कमी झाला तर तो बेसच्या शिल्डिंगचा (आतल्या संरक्षक आवरणाचा). जॅझ बेसचे दोन्ही पिकअप पूर्ण उघडल्यावर गेला तर सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपचा. दोन्हींनी फरक पडला नाही आणि एक्सएलआर काढल्यावर अँपमधला हम थांबला, तर ग्राउंड लूप (ग्राउंडची जोडणी दोन वाटांनी झालेली). तिथे लिफ्ट दाबायची. मांडवात काही जण यावर उपाय म्हणून प्लगची अर्थची पिनच मोडतात. हम जातो, पण माइकला ओठ लागला की झटका गायकाला बसतो. अशा माणसाच्या बोर्डाला आपला अ‍ॅडाप्टर लावू नये.

पॅसिव्ह जॅझ बेस आणि हॉलचे कार्यक्रम असतील तर मी एम८१ सुचवेन. रॉक वाजवत असाल आणि अँप नसेल, तर मिडचा नॉब असलेला दुसऱ्या आवृत्तीचा सॅन्सअँप. मेटलवाल्यांना बी७के अल्ट्रापासून कुणी परावृत्त करू शकत नाही, करूही नये; फक्त ब्लेंड निम्म्याच्या वर नेऊ नका. आणि अ‍ॅक्टिव्ह बेस ज्यांच्याकडे आहे आणि नीट चालतो आहे, त्यांनी आधी एखादा साधा डीआय बॉक्स मागून आणून बघावा. कित्येकांचं काम तेवढ्यात भागतं.