तुम्ही विचारलंत म्हणून: जिवाणू लावले तर चुना टाळता येईल का?

भाताची कापणी आटपली, मळ्यात अजून ओल आहे, विहिरीलाही पाणी आहे, अशा वेळी हा प्रश्न हमखास येतो. "माती तपासली, आम्लधर्मी निघाली. आता मका करायचाय. बियाण्याला जिवाणू खत लावलं तर भागेल ना? चुन्याचा खर्च कशाला?"

जिवाणू लावाच. पण मातीची आम्लता उतरवणारा चुना वाचवण्यासाठी लावू नका.

कोकणात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. शतकानुशतकं तो मातीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेतो. मागे राहतात लोह आणि अ‍ॅल्युमिनियम, म्हणून आपला जांभा तांबडा. हे दोघे स्फुरदाला (फॉस्फरसला) असे धरून ठेवतात की पिकाच्या हाती फारसा लागत नाही. सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) साडेपाचाच्या खाली गेला की अ‍ॅल्युमिनियम मातीतल्या पाण्यात विरघळू लागतं आणि मक्याच्या मुळांची टोकं जाड, आखूड, ठिसूळ होतात. रोप लहानपणीच जांभळट दिसायला लागलं तर स्फुरदाची उपासमार चालली आहे असं बहुतेक वेळा समजावं, फक्त थंडीचा कडाका त्याचं कारण नाही ना, तेवढं पाहावं.

"मग त्याच मळ्यात भात कसा जोमात येतो?" हा पुढचा प्रश्न, आणि मला सगळ्यात मोलाचा वाटणारा. भाताच्या खाचरात पाणी साचलं की मातीतली हवा संपते, लोहाचं रूप बदलतं, सामू हळूहळू सातच्या दिशेनं सरकतो आणि लोहाला चिकटलेला स्फुरद थोडाफार सुटतो. पाणी उतरलं, माती वाळली, की ती परत आपल्या मूळ स्वभावावर येते. मका नेमका याच वेळी पेरला जातो. भातानं सुखानं दिवस काढलेल्या जमिनीत मक्याचे हाल होतात ते यामुळे. भात चांगला आला म्हणून माती मक्यालाही चालेल असं धरून चालणाऱ्यांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते.

आता जिवाणू. मक्यासाठी कामाचे मुख्यतः दोन. अझोस्पिरिलम तृणवर्गीय पिकांच्या मुळांशी राहतो. तो हवेतलं थोडं नत्र (नायट्रोजन) देतो, पण माझ्या मते त्याची खरी कमाई वेगळीच आहे: तो मुळांना वाढवणारी संप्रेरकं तयार करतो, त्यामुळे केसमुळं वाढतात आणि रोप जास्त मातीपर्यंत पोचतं. आम्लधर्मी मातीत आखूड पडलेल्या मुळांना याचीच गरज असते. मका नत्राचा मोठा खादाड आहे, तेव्हा युरिया किंवा शेणखत बंद करण्याइतकं नत्र या जिवाणूकडून मागू नका. अझोटोबॅक्टरचं पाकीटही दुकानात मिळतं, पण त्याला उदासीन, म्हणजे सातच्या आसपास सामू असलेली माती मानवते. सामू सहाच्या खाली असेल तर मी त्याच्यावर पैसे घालणार नाही.

दुसरे स्फुरद विरघळवणारे जिवाणू, म्हणजे पीएसबी. ते सेंद्रिय आम्लं सोडतात. इथे एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. असे जिवाणू प्रयोगशाळेत निवडायची रूढ पद्धत 1948 सालच्या पिकोव्हस्काया माध्यमावर बेतलेली आहे आणि त्यात कॅल्शियमशी बांधलेला स्फुरद असतो. आपल्याकडचा स्फुरद लोह आणि अ‍ॅल्युमिनियमशी बांधलेला. त्याला नुसती आम्लता पुरत नाही, लोहाला पकडून बाजूला ठेवणारी सायट्रिकसारखी आम्लं लागतात. त्यामुळे देशावरच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत एखाद्या पाकिटानं कमाल केली, म्हणून ते इथेही तेवढंच करील असं मानू नये. आम्लधर्मी मातीतूनच वेगळे केलेले जिवाणू मिळत असतील तर तेच घ्या. दापोलीच्या कृषी विद्यापीठात चौकशी करायला लाजू नका, ते त्यासाठीच आहे.

ब्राझीलकडे पाहा. तिथल्या सेराडो पट्ट्यातली मातीही तांबडी, आम्लधर्मी, अ‍ॅल्युमिनियमनं भरलेली. शास्त्रज्ञ योहाना डोबेराइनर यांनी ब्राझीलमध्येच गवतांच्या मुळांतल्या नत्र देणाऱ्या जिवाणूंवर काम केलं, अझोस्पिरिलम हे नाव 1978 साली रूढ झालं. तिथल्याच शास्त्रज्ञ मारियांजेला हुंग्रिया यांनी असे जिवाणू शेतकऱ्यांच्या शेतापर्यंत पोचवले आणि 2025 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पण सेराडोची शेती उभी राहिली ती आधी जमिनीत चुनखडी मिसळून. त्या देशानं चुना आणि जिवाणू यांना कधी एकमेकांचा पर्याय मानलं नाही.

म्हणून माझा क्रम असा. माती तपासताना नुसता सामू विचारू नका, चुन्याची गरज किती तेही काढून घ्या. चुनखडीची भुकटी पेरणीच्या तीन-चार आठवडे आधी मातीत मिसळा. किनाऱ्यावर शिंपल्यांचा चुना मिळतो, तोही चालतो, पण भाजलेला चुना फार तिखट, त्याचं प्रमाण बेतानंच ठेवायचं. चुलीतली राखही टाका, आम्लता थोडी उतरते आणि पालाश (पोटॅश) मिळतो. कुजलेलं शेणखत हवंच, कारण ते अ‍ॅल्युमिनियमला बांधून ठेवतं आणि जिवाणूंना खायलाही देतं. उपाशी जिवाणू काही करत नाहीत.

बियाण्याला किलोमागे 25 ग्रॅम जिवाणू खत, गूळ घालून उकळून पूर्ण गार केलेल्या पाण्यात कालवून हलक्या हातानं चोळा. सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा. चुना आणि हे बियाणं एकत्र करू नका. संकरित बियाणं बहुतेक वेळा गुलाबी किंवा निळ्या रंगाचं येतं, म्हणजे त्याला औषध लावलेलं असतं आणि त्यात जिवाणू मरू शकतात. अशा वेळी जिवाणू खत ओलसर शेणखतात मिसळून पेरणीच्या सरीत द्या. पाकिटावरची मुदत बघा आणि दुकानदारानं ते उन्हात ठेवलेलं दिसलं तर घेऊ नका, आत जीव आहेत.

एक वाफा जिवाणूंविना ठेवा, बाकी सगळं तिथेही तेच करा. महिन्याभरानं दोन्हीकडची दोन-चार रोपं मातीसकट उपटा, मुळं पाण्यात धुऊन शेजारी शेजारी ठेवा. केसमुळांत फरक दिसला तर पुढच्या वर्षी तेच पाकीट घ्या. नाही दिसला तर मला सांगा, मातीचा अहवाल घेऊन बसू.