एकाच कागदावर दोन रेघा

आज नववीच्या वर्गात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे घेऊन आलेख काढले. १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांमध्ये बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) २५ किंवा त्याहून जास्त असलेल्या २००५-०६ मध्ये १२.६ टक्के होत्या, २०१५-१६ मध्ये २०.६, २०१९-२१ मध्ये २४. काहींनी उभा अक्ष १० पासून धरला, तर रेघ कड्यासारखी चढली! शून्यापासून धरल्यावर चढ सौम्य दिसला, पण जवळपास दुप्पट हे खरंच.

"सर, एवढ्या बायका लठ्ठ?" नाही गं, यात नुसतं वजन जास्त असलेल्याही आल्या.

मग त्याच कागदावर कमी वजनाच्या स्त्रियांची रेघ काढायला लावली. उतरतेय, तरी शेवटी १८.७ टक्के. वर्ग गप्प झाला.

मागच्या बाकावरची एक मुलगी तासभर मान खाली घालून होती. उद्या तिच्याशी निवांत बोलणार आहे.