कूलरपुढे बसूनही धाप

नागपुरात मे महिन्यात धापा टाकणारं कुत्रं दवाखान्यात येणं यात नवल काही नाही. पारा ४५ च्या आसपास, कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ काढून ल्हाल्हा करणं हाच त्याचा कूलर. फोनवर कुणी "ऊन लागलंय" म्हटलं की अंग साध्या पाण्यानं ओलं करा, पंखा लावा आणि निघा, एवढंच सांगतो.

त्या दुपारी आलेला स्पिट्झ मात्र ल्हाल्हा करत नव्हता. तोंड मिटलेलं, पोट जोरात आतबाहेर, श्वास मिनिटाला ६० च्या वर. घरी कूलरपुढेच बसून होता म्हणे. ताप पाहिला, १०२. कुत्र्यासाठी नॉर्मल. ऊन लागलं असतं तर १०५-१०६ च्या पुढे गेला असता. ओठ उचलला. हिरड्या पांढऱ्याफटक, कडेला पिवळसर झाक.

"लघवी?"

"गडद होतेय कालपासून. चहाच्या रंगाची," त्याला घेऊन आलेल्या सूनबाई म्हणाल्या. "वाटलं, पाणी कमी पितोय."

पहिला संशय गोचीड तापाचा. आमच्याकडे तो असतोच. कान, बोटांच्या बेचक्या धुंडाळल्या, एक गोचीड नाही. रक्त घेतलं. पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, १४ टक्के. निरोगी कुत्र्यात ते साधारण ३७ च्या वर असतं. स्लाइडवर गोचीड तापाचा परजीवी, बाबेशिया, दिसला नाही, पण लाल पेशींच्या कडांना बारीक फुगवटे होते. हाइन्झ बॉडीज, लाल पेशींना इजा झाल्याची खूण.

"यानं कांदा खाल्ला का?"

"खाल्ला नाही जी," मागे उभे असलेले आजोबा म्हणाले. "मीच रस पाजला. उन्हानं मलूल झाला होता ना."

दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ. रागावणार कुणावर? इथं अर्ध गाव खिशात कांदा घेऊन उन्हात निघतं. पण कांद्यातली गंधकाची द्रव्यं कुत्र्याच्या लाल पेशी फोडतात. आठ किलोच्या कुत्र्याला ४० ग्रॅमही धोक्याचे, म्हणजे मध्यम कांद्याचा अर्धासुद्धा नाही. परिणाम दिसायला काही दिवस जातात, त्यामुळे कुणाला कांदा आठवतही नाही. फुप्फुसं ठणठणीत होती. प्राणवायू वाहून न्यायला रक्तच उरलं नव्हतं, म्हणून ती धाप.

यावर उतारा नाही. ऑक्सिजन लावला आणि रक्तासाठी फोन फिरवले. पलीकडच्या गल्लीतला लॅब्राडोर आला, ३२ किलोचा, लसीकरण पूर्ण. कुत्र्यांचेही रक्तगट असतात. पहिल्यांदा रक्त देताना सहसा निभावतं, तरी जुळतंय का ते तपासून घेतलं. मानेवरचे केस काढून शिरेत सुई घातली, तर गडी मालकिणीच्या हातातलं बिस्कीट चाटण्यात दंग. स्पिट्झला रक्त थेंबथेंब, काही तास. संध्याकाळी श्वास ३८ वर आला, हिरड्यांवर फिकट गुलाबी रंग चढला.

सूनबाईंना मोजायला शिकवलं. गाढ झोपेत छाती वर-खाली झाली की एक. १५ सेकंद मोजायचं, चारनं गुणायचं. ३० पर्यंत ठीक. शांत झोपेतही रोज त्याहून जास्त भरत असेल तर दाखवायला आणायचं. आणि थंडाव्यात बसूनही धाप थांबत नाही, मान ताणून श्वास घेतोय, हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर, तर फोनाफोनीत वेळ न घालवता सरळ गाडीत घालायचं.

आजोबा दाराशी थांबले. "शिजवलेला तर चालते ना, डॉक्टर?"

"नाही. लसूणही नाही."

"मग वरणभात?"

"फोडणी घालायच्या आधी काढून ठेवा."