फोंडा–पणजी, दोन खेपा: पोर्तुगालच्या व्हिसाची फाइल

फोंड्याहून कदंबाची बस पकडली की बाणस्तारीचा पूल, जुने गोवे करत तासाभरात पणजी. ऑक्टोबर 2025 मध्ये याच बसने मी व्हिसा केंद्रात दोनदा गेलो. दुसऱ्यांदा का, ते पुढे येईलच.

माझं काम आयर्लंडमधल्या एका कंपनीचं, घरी बसून. तेच वर्षभर पोर्तुगालमध्ये राहून करायचं होतं. त्यासाठी तिथे डी8 व्हिसा आहे, 2022 च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू झालेला. वाड्यावर कळलं तेव्हा शेजारच्या काकांचा पहिला प्रश्न, "तुला व्हिसा कशाला रे? आजोबांची पोर्तुगीज नोंद काढ की!" 19 डिसेंबर 1961 पूर्वी, म्हणजे पोर्तुगीज राजवटीत, गोव्यात जन्मलेल्यांच्या नातवंडांपर्यंत पोर्तुगीज नागरिकत्वाचा हा रस्ता खुला आहे, पण त्यात भारतीय नागरिकत्व जातं. आणि आमचे आजोबा कुडाळहून इथे आले तेच 1964 साली. विषय संपला.

कागद गोळा करण्याआधी एक गोष्ट पक्की करा: किती दिवस राहायचं? डी8 दोन प्रकारचा मिळतो. तात्पुरत्या वास्तव्याचा वर्षभरापर्यंत चालतो. निवासाचा चार महिन्यांचाच असतो. तेवढ्यात तिथे जाऊन 'आयमा' या कार्यालयातून दोन वर्षांचा निवास परवाना घ्यायचा. कायमचं बस्तान हलवणाऱ्यांसाठी दुसरा बरा. मला वर्षच काढायचं होतं आणि आयमाच्या खोळंब्याच्या कहाण्या तिथल्या मित्रांकडून ऐकून झाल्या होत्या, म्हणून मी पहिला निवडला. साध्या शेंगेन पर्यटक व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असतो तो) लॅपटॉप घेऊन जायचा विचार असेल तर सोडून द्या. 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, आणि तो व्हिसा कामासाठी नाहीच.

आता पैसा. महिन्याची मिळकत पोर्तुगालच्या किमान वेतनाच्या चौपट लागते, गेल्या तीन महिन्यांची सरासरी धरून. 2025 मध्ये किमान वेतन 870 युरो, म्हणजे 3,480 युरो. युरो शंभरीपार असल्याने साडेतीन लाखांच्या वरच. जानेवारीत किमान वेतन वाढलं की हा आकडाही वाढतो, त्यामुळे काठावर असाल तर डिसेंबर उजाडू देऊ नका. एवढी मिळकत नसेल आणि बचत बरी असेल तर थायलंडचा डीटीव्ही नावाचा व्हिसा पाहा: खात्यात 5 लाख बाट दाखवायचे, मुदत पाच वर्षांची, एका प्रवेशावर 180 दिवस.

माझी फाइल पैशावर नाही, नावावर अडली. पासपोर्टवर माझ्या नावापुढे वडिलांचं नाव आहे, आपल्याकडे असतं तसं. कंपनीच्या पत्रात ते नव्हतं आणि बँकेच्या स्टेटमेंटवर नुसतं आद्याक्षर. काउंटरवरच्या बाईंनी तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले, पेनाचं टोक एकेका नावावर टेकवलं आणि म्हणाल्या, "बाब, हांगा पळय." (इकडे बघ.) तीन कागद, तीन माणसं! शिवाय पत्रात 'घरून काम' एवढंच होतं. पोर्तुगालमधून काम करायला कंपनीची हरकत नाही, हे वाक्य त्यात स्पष्ट हवं. पत्र दुरुस्त होऊन यायला नऊ दिवस गेले.

पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवेतून काढायचा, मग त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का. त्याचं परराष्ट्र मंत्रालयाचं शुल्क कागदामागे 50 रुपये आहे. मला एका एजंटाने तीन हजार सांगितले होते. धावपळीचे पैसे घेतले तर समजू शकतो, पण मूळ आकडा ठाऊक असला की घासाघीस करता येते. विमा किमान 30,000 युरोंचा हवा. आणि 183 दिवसांहून जास्त राहिलात की तिथला कर लागू होतो, तेव्हा सीएकडे आधी जा. मी नंतर गेलो, त्यांनी चांगलंच ऐकवलं.

दुसऱ्या खेपेला वीस मिनिटांत मोकळा झालो. पण पासपोर्ट तिकडेच ठेवून घेतात आणि निर्णयाला साठ दिवसही लागू शकतात, हे तारीख घेताना डोक्यातच आलं नव्हतं. मधल्या काळात दुबईला मावसभावाचं लग्न होतं. अंतरपाट धरायचा मान माझा होता. तो व्हिडिओ कॉलवर पाहिला.