घोंगडी सापडली : ॲव्हलॉनची सहावी फेरी

सापडली एकदाची! कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाच्या ॲव्हलॉन द्वीपकल्पात, बाल्सम फर या सूचिपर्णी झाडाच्या खोडावर, माझ्या छातीएवढ्या उंचीला. एरिओडर्मा पेडिसेलाटम हे लायकेन, म्हणजे बुरशी आणि तिच्या सूक्ष्म जोडीदाराचा एकत्र संसार. मी तिला घोंगडीच म्हणते. वरून लवदार, राखाडी-तपकिरी. कडा वर मुडपलेल्या, त्यामुळे खालचं पांढरं अस्तर लांबूनच डोळ्यांत भरतं. नेमकी जागा लिहीत नाही, समजून घ्या.

पाचव्या फेरीत फसले होते. ज्या फोटोवर मी एवढी नाचले ती लोबारिना स्क्रोबिक्युलाटा, म्हणजे दुसरीच लायकेन, निघाली. भिंगातून धड पाहिलं असतं तर तिच्यावरची पिठासारखी पूड तेव्हाच दिसली असती. घोंगडीवर पूड नसते, तांबूस-तपकिरी टिकल्या असतात. या वेळी दहापटीचं भिंग लावून आधी टिकल्या मोजल्या, अकरा भरल्या. मग पाण्याचा हलका फवारा मारला. बघता बघता रंग ओल्या पाटीसारखा निळसर झाला. तुकडा 3 सेंटिमीटरच्या आतलाच.

तिचं सगळं दुखणं त्या नसलेल्या पुडीत आहे. पूडवाल्या लायकेनच्या कणाकणात बुरशी आणि तिचा जोडीदार बरोबरच निघतात. हिच्या टिकल्यांतून बुरशीचा बीजाणू एकटाच उडतो आणि पडेल तिथे त्याला हवा तोच जोडीदार, एक सायनोबॅक्टेरिया (उन्हावर अन्न बनवणारा जिवाणू), गाठावा लागतो. फ्रुलानिया या लिव्हरवर्टच्या (शेवाळासारख्या इवल्या वनस्पतीच्या) इवल्या पिशव्यांत ही गाठ पडते, असं मानतात. म्हणून हल्ली मी घोंगडी शोधतच नाही. खोडावर फ्रुलानियाची तांबूस जाळी दिसली की थांबते. उत्तरेकडचा उतार, जवळ स्फॅग्नम शेवाळाची दलदल, कायम दमट हवा, एवढं जमलं तर आशा धरायची.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "दगडफूलच ना ते? गोड्या मसाल्यापुरतं आण की!" तिला काय सांगणार? 1902 मध्ये कॅम्पोबेलो बेटावर ही पहिल्यांदा गोळा केली, आणि आज त्या न्यू ब्रन्सविक प्रांतात ती उरलेलीच नाही. 2003 पासून जागतिक लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त'. आम्लधर्मी हवा तिला सोसत नाही. जंगलतोडीत झाड जातं ते जातंच, वर आजूबाजूची ओलही जाते.

आणि मूस! हा थोराड हरणासारखा प्राणी मुळात न्यूफाउंडलंड बेटावरचा नाही. 1904 मध्ये बाहेरून आणून सोडला, तो इथे फोफावला. फरची कोवळी रोपं त्याला फार आवडतात. माझं झाड म्हातारं, वाऱ्याच्या बाजूला कललेलं. ते पडलं की घोंगडीही गेली. तोवर बीजाणूंना शेजारी दुसरं खोड मिळायला हवं. आसपास गुडघ्याएवढी सात रोपं मोजली. सातांचेही शेंडे खुडलेले, आणि बुंध्याशी ताज्या लेंड्या.

ऑक्टोबरमध्ये परत जाणार. फोटोत मोजपट्टी ठेवायची राहिली, तेवढं तरी करीन.